आमच्या कंप्युटरचा दसरा

आमच्या घरात कंप्युटर आला तो नेमका पितृपक्षाच्या पहिल्या दिवशी. यात कंप्युटरचा काही दोष नव्हता, दोष दुकानदाराचा. महाडात त्याचं दुकान गुरुवारी बंद असे आणि लोकांच्या घरी जाऊन मशीन जोडून द्यायची कामं तो त्याच दिवशी उरकी. गणपतीत येतो म्हणाला, आला नाही. अनंत चतुर्दशी झाली, पौर्णिमा झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब रिक्षातून मोठमोठी खोकी घेऊन दारात हजर. दार उघडलं माझ्या सासूबाईंनी. मी आतून त्यांचा आवाज ऐकला आणि हातातली कणीक तशीच ठेवून बाहेर धावले.

"आज पितरपाख लागला नि आज नवी वस्तू? परत ने रे बाबा. घट बसल्यावर आण."

दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. मी सासूबाईंकडे. माझ्या शाळेच्या प्रश्नपत्रिका टाइप करायला म्हणून हा कंप्युटर घ्यायचा माझा हट्ट होता, त्यासाठी मी वर्षभर नवऱ्याचं डोकं खाल्लं होतं, आणि आता तो रिक्षात बसून परत जाणार म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, खोकी आत येऊ द्या, जोडून ठेवू दे, बाकीचं मागाहून बघू. त्यावर बराच खल होऊन सासूबाईंनीच तोडगा काढला. दुकानदाराने त्याच्या हाताने काय लावायचं ते लावावं, ते त्याच्या दुकानातलं झालं. पण घरातल्या कुणी मशीनला हात लावायचा नाही.

दुकानदाराने तासाभरात सगळं जोडलं, चालू करून दाखवलं आणि चहा पिता पिता म्हणाला, "मॅडम, घरात लहान मूल आहे ना, म्हणून सिक्युरिटी टाकून दिली आहे. सगळ्यांकडे टाकतो. काही काळजी करू नका." मला वाटलं, व्हायरसबद्दल बोलतोय. मी मान डोलावली. मशीन चालूच ठेवून तो गेला.

आता सासूबाईंबद्दल सांगायला हवं. त्या कुडपणच्या. पोलादपूरहून वर चढत गेलं की पठारावर गाव लागतं, तिथे त्यांचा सगळा संसार झाला. सासरे वारले तरी त्या खाली आमच्याकडे राहायला आल्या नाहीत. महाडात त्यांना उकडे, पाण्याला वास येई, आणि समोरच्या बिल्डिंगीतली माणसं खिडकीतून बघत बसतात अशी त्यांची तक्रार असे. बघत त्याच बसत, ही गोष्ट वेगळी. त्या वर्षी श्रावणात शेताच्या वाटेवर पाय घसरला आणि उजवा हात मनगटात मोडला, म्हणून नाइलाजाने त्या आमच्या चवदार तळ्याजवळच्या दोन खोल्यांत आल्या. प्लास्टर नुकतंच काढलं होतं. हाड जुळलं होतं, पण बोटं लाकडासारखी ताठ. मूठ वळेना, चिमूट जुळेना. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की बोटं आत्ताच हलती करा, कशानेही करा. दिवाळीपर्यंत मोकळी झाली तर झाली, नाहीतर ती अशीच राहतील.

डॉक्टरांनी दाबायला एक रबरी चेंडू दिला होता. "मी काय लहान पोर हाय काय गो?" असं म्हणून सासूबाईंनी तो माझ्या मुलीला देऊन टाकला आणि मुलीने दुसऱ्याच दिवशी गटारात घालवला. मी नवा आणला. तो पलंगाखाली गेला. मी त्यांच्या समोर बसून बोटं चोळायला लागले की त्या दोन मिनिटं सोसत आणि मग हात पदराखाली घेऊन टाकत.

याहून मला जास्त लागे ते जेवणाचं. उजव्या हाताने घास उचलता येत नव्हता आणि डाव्या हाताने जेवताना कुणी बघावं हे त्यांना मरणाहून वाईट वाटे. आम्ही जेवायला बसलो की त्या म्हणत, "तुमी घ्या, मी मागनं जेवीन." मग सगळ्यांचं झालं की स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून, डाव्या हातात चमचा धरून, चोरून खाल्ल्यासारखं जेवत. कुडपणच्या घरी या बाईने उभ्या गावाला जेवायला वाढलेलं मी पाहिलं होतं. तिची ती पाठ बघून मला रडू यायचं, आणि मला रडू आलं की मी भांडी आपटते, हा माझा स्वभाव. सासूबाईंना वाटे, सुनेला आपण जड झालो. आमचं दोघींचं त्या दिवसांत काही फार बरं चाललेलं नव्हतं.

तर दुपारी नवरा बँकेतून जेवायला आला तेव्हा चालू मशीन कोपऱ्यात बसलं होतं आणि आम्ही दोघी त्याला पाठ करून बसलो होतो. त्याला सगळं सांगितलं. नवऱ्याच्या बँकेत कंप्युटर येऊन वर्ष झालं होतं, त्यामुळे या विषयात आपल्याला कळतं असा त्याचा समज होता. त्याने आईपुढे पाट ओढला.

"आई, बँकेत आमचं काय असतं सांगू? सकाळी साहेब येतात, आधी मशीनमध्ये तारीख टाकतात. तारीख टाकली की बँकेचा दिवस सुरू. नाही टाकली, तर बाहेर कितीही ऊन येऊ दे, आत कालचाच दिवस."

"म्हंजे आत येगळा दिस नि भायेर येगळा?"

"अगदी."

सासूबाई विचारात पडल्या. "मग आत पितरपाख नाय?"

"आपण टाकू तो दिवस. दसरा टाकू?"

एवढ्या सरळ गोष्टीला त्या काय म्हणणार! नवऱ्याने भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं, पान उलटलं, दसरा रविवारी येत होता. त्याने पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळावर बाण नेला आणि भाद्रपदातल्या त्या गुरुवारी आमच्या कंप्युटरात दसऱ्याचा रविवार उगवला. मी हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं एक फूल वर ठेवलं, मुलीने उदबत्ती फिरवली. सासूबाईंनी डावा हात लावून नमस्कार केला. आता मशीन रीतसर मुहूर्तावर घरात आलं होतं आणि नवरा विजयी मुद्रेने बँकेत परत गेला.

दुकानदाराने आपणहून दोनचार गेम टाकले होते. त्यातला एक मुलीने लगेच शोधून काढला. पिवळं शेत दिसे. वरून पाखरं उतरत. बाण नेऊन पाखरावर टिचकी मारली की ते उडून जाई, नाही मारली तर कणसं खाऊन टाकी. बस, एवढाच खेळ. मुलगी खेळत होती आणि सासूबाई मागे उभ्या राहून बघत होत्या. थोडा वेळ त्यांनी सोसलं.

"अगो, त्या कोपऱ्यातला राहिला की! सगळं खाऊन चाललाय! हाऽड! सरक बघू तू."

मुलगी सरकली. सासूबाई खुर्चीत बसल्या. डोंगरात दर वर्षी नाचणीची राखण करण्यात जन्म गेलेली बाई ती, समोर पाखरं शेत खातायत आणि आपण बघत राहायचं हे त्यांना जमणारच नव्हतं. मुलीने त्यांचा उजवा हात उचलून माउसवर ठेवला. पहिली कित्येक पाखरं पोट भरून गेली. मग पहिलं बोट थोडंसं वाकलं आणि टिच्च वाजलं. एक पाखरू उडालं. मी पोळी तव्यावर टाकून दारात येऊन उभी होते. पोळी जळली. संध्याकाळपर्यंत त्या उठल्या नाहीत, आणि मीही त्यांना उठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी शुक्रवारी गेम उघडेना.

पडद्यावर इंग्रजीत एक चौकट आली. सुरक्षेच्या कारणास्तव हा कार्यक्रम चालवण्यास परवानगी नाही, व्यवस्थापकाशी संपर्क साधावा. आमच्या घरात व्यवस्थापक कोण यावर आधीच एकमत नव्हतं. मी पुन्हा टिचकी मारली, पुन्हा चौकट. बाकी सगळं चालत होतं, टाइप करता येत होतं, चित्र काढता येत होतं, फक्त गेम नाही. सासूबाई आंघोळ आटोपून, केस विंचरून, राखणीला तयार होऊन बसल्या होत्या. मी म्हटलं, आज मशीनचं काहीतरी बिनसलंय. त्यांचा हात पदराखाली गेला.

मी दुकानदाराला फोन केला. "अँटिव्हायरस अडवत असेल, मॅडम. बंद करून बघा." मी बंद केला. चौकट तशीच. "मग फायरवॉल बघा." फायरवॉल म्हणजे काय हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी गणिताची शिक्षिका, जे दिसेल ते उघडून बघायचं एवढं जमतं. बघितलं, तीही बंद केली. आता आमच्या कंप्युटरात जगातला कुठलाही व्हायरस चप्पल घालून फिरू शकला असता, पण गेम मात्र आत येऊ देत नव्हता. नवऱ्याची पद्धत वेगळी. तो बँकेतून आला की डब्यावर हात ठेवून मशीन तापलंय का बघे, बंद करी, पाणी पिऊन येई आणि परत चालू करी. रविवारी मी सकाळपासून त्याच कामाला लागले होते. नाही म्हणजे नाही. "दुरुस्त करायला या," मी फोनवर ओरडले. तो म्हणाला, "गुरुवारी येतो. गुरुवारी दुकान बंद असतं."

गुरुवारी तो आला, खुर्चीत बसला, टिचकी मारली आणि गेम उघडला. पिवळं शेत, पाखरं, सगळं जागच्या जागी.

"चालतंय की, मॅडम."

"अहो, कालपर्यंत चालत नव्हतं!"

"आता चालतंय ना?" त्याने दोन पाखरं उडवून दाखवली. माझ्याकडे त्याने ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने मी माझ्या वर्गातल्या ढ मुलांकडे पाहते. चहा पिऊन तो गेला. सासूबाई दिवसभर खेळल्या, संध्याकाळी बोटं नेहमीपेक्षा थोडी सैल वाटत होती. आणि शुक्रवारी सकाळी चौकट आली, सुरक्षेच्या कारणास्तव. मी त्या चौकटीला ज्या शिव्या घातल्या त्या ऐकून मुलीने कानांवर हात ठेवले, बहुधा नीट ऐकता यावं म्हणून पुन्हा काढले.

असा आठवडा गेला. चेंडू पलंगाखाली, हात पदराखाली, मी भांडी आपटतेय. डॉक्टरांचा शब्द माझ्या डोक्यातून जात नव्हता. एवढी राखण करायला बसलेली बाई, बोटं हलवायला तयार झालेली बाई, आणि एक चौकट तिला खुर्चीतून उठवते, याचा मला भयंकर संताप येई.

मग सर्वपित्री अमावास्या आली. तीही गुरुवारीच होती. सासऱ्यांच्या नावाने पान मांडायचं असे. दर वर्षी कुडपणला त्यातला शेवटचा घास सासूबाई आपल्या हाताने करून ठेवत, खीर, वडा आणि भात एकत्र. त्या दिवशी मी रजा घेतली होती. पान गच्चीत नेलं. सासूबाई म्हणाल्या, "घास मी ठेवते." त्यांनी उजवा हात पुढे केला, भातात बोटं घातली, वळवायला गेल्या आणि भात बोटांमधून खाली सांडला. पुन्हा केलं. पुन्हा सांडला. डावा हात त्यांनी मागेच धरून ठेवला होता. नवरा म्हणाला, "आई, मी ठेवतो." त्याने ठेवला. सासूबाई जिना उतरून खाली आल्या. कावळा लगेच आला, पण ते त्यांना सांगायला कुणाला धीर झाला नाही.

खाली येऊन बघते तर त्या कंप्युटरपुढे बसलेल्या. मशीन मी सकाळीच चालू केलं होतं. पडद्यावर शेत होतं आणि त्या पाखरं हाकत होत्या, पण तोंडाने हाड नाही की हूड नाही. मुलीने गेम उघडून दिला होता आणि तो उघडला होता.

"आज कसा काय लागला?" मी विचारलं.

"आज गुरुवार हाय ना," सासूबाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "ह्यो गुरुवार करतो. मागल्या गुरुवारी पण लागला. आला त्या दिशी पण गुरुवारच. बाकीचं दिस उपास."

माझ्या सासूबाईंच्या गावात कुणाचा सोमवार असतो, कुणाचा मंगळवार, त्यात मशीनचा गुरुवार असायला त्यांची काही हरकत नव्हती. मी वैतागून म्हटलं, "आई, मशीन उपास करत नसतं." आणि त्यांच्या खांद्यावरून वाकून माउस हातात घेतला, म्हटलं बघू तर खरं कुठे काय आहे. बाण सरकत कोपऱ्यातल्या घड्याळावर गेला आणि थांबला. तिथे एक छोटी पिवळी पट्टी उमटली. तिच्यावर लिहिलं होतं, रविवार. महिना ऑक्टोबर.

बाहेर सप्टेंबरातला गुरुवार होता.

दसरा! नवऱ्याने टाकलेला दसरा आम्ही काढलाच नव्हता. त्या गुरुवारी आत रविवार झाला, तेव्हापासून मशीन तिथून पुढे इमानेइतबारे दिवस मोजत होतं. आमचा गुरुवार तो त्याचा रविवार. आमच्या रविवारी त्याचा कुठला तरी मधला वार. आणि मग दुकानदाराची ती सिक्युरिटी आठवली, घरात लहान मूल आहे म्हणून सगळ्यांकडे टाकतो ती. मी मशीनचे सगळे कप्पे उघडत गेले आणि शेवटी सापडलं. मुलांसाठीचं कुलूप. आठवड्याचे सात चौकोन, त्यातले सहा लाल आणि रविवारचा एक हिरवा. मुलांनी खेळायचं ते फक्त रविवारी. दुकानदार बिचारा दर गुरुवारी आमच्याकडे येत होता, म्हणजे मशीनच्या हिशेबाने दर सुट्टीला.

मी हसत सुटले. सासूबाईंना वाटलं, घास सांडला त्याचं काही मनावर घेऊन मी बिघडले. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग मी काय बोलत व्हते? वार पाळतो तो." मी वाद घातला नाही.

कुलूप काढायचं तर संकेतशब्द हवा होता. तो दुकानदाराकडे, आणि दुकानदार त्या दिवशी कापडे गावात कुणाचं तरी मशीन जोडायला गेलेला. संध्याकाळी घरी फोनवर सापडला. त्याने एक शब्द सांगितला, चालला नाही. दुसरा सांगितला, चालला नाही. तिसरा सांगताना तो जरा लाजला, तोही चालला नाही. मग म्हणाला, ही सीडी त्याला पनवेलच्या मित्राने दिली होती, शब्द त्याचा असणार. मशीन दुकानात आणून द्या, सगळं पुसून नव्याने भरतो, दिवाळीनंतर देतो.

"दिवाळीनंतर नको," मी म्हटलं आणि फोन ठेवला. दिवाळीनंतर मला त्या मशीनचं काय करायचं होतं!

नवरा इतका वेळ गप्प होता, कारण हे सगळं त्याच्या दसऱ्यामुळे झालं होतं. आता त्याला तोंड फुटलं. "आपण बँकेसारखं करू. रोज सकाळी तारीख टाकायची. रोज रविवार टाकला की झालं."

हे डोकं त्याने आधी चालवलं असतं तर माझी एवढी भांडी पोचली नसती. मी लगेच खुर्चीकडे निघाले, तर सासूबाईंनी अडवलं. "आज नको गो. आज अमावास्या. उद्या घट बसतील, उद्या कर." बरं, उद्या. पण रविवार कुठला टाकायचा? मी म्हटलं, कुठलाही चालेल. त्या म्हणाल्या, "कुठलाही कशाला? दसराच टाक की. पयला टाकला व्हता तोच."

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात रोज दसरा उजाडू लागला. सकाळी ओल्या केसांना पंचा गुंडाळून, एका हाताने मुलीची वेणी घालत, दुसऱ्या हाताने मी दसरा सुरू करी आणि शाळेत जाई. वीज गेली आणि आली तर नवरा दुपारी येऊन बघून जाई. चौकट आली नाही. सासूबाई सकाळी बसत, दुपारी बसत, संध्याकाळी मालिकेच्या वेळेलाही बसत. त्यांच्या हाड-हाडने समोरच्या बिल्डिंगीतल्या बाई एकदा विचारायला आल्या, गॅलरीत कबुतरं फार झालीत का? सासूबाईंनी त्यांना बसवून खेळ दाखवला आणि पहिल्यांदाच त्या बाईंशी बोलल्या. त्या आठवड्यात खराखुरा दसराही आला. एवढ्या दिवसांत तो एकच दिवस असा की आत आणि बाहेर एकच वार, एकच सण. त्या दिवशी टाकलेली तारीख खरीच निघाली म्हणून नवऱ्याला चुकल्यासारखं झालं.

माझ्या सहामाहीच्या प्रश्नपत्रिका मी त्याच मशीनवर टाइप केल्या. आमचे मुख्याध्यापक भारी चौकस. त्यांनी फ्लॉपी लावली, सगळ्या वर्गांच्या पेपरांसमोर एकच तारीख बघितली आणि मला बोलावून घेतलं. "बाई, सणाच्या दिवशी, एका दिवसात, पाचवी ते दहावी?" त्यांना खरं सांगायचं म्हणजे पितृपक्षापासून सुरुवात करावी लागली असती. मी म्हटलं, "बसलं की होतं, सर." त्यांनी शिक्षकांच्या बैठकीत माझं उदाहरण दिलं. माझ्या शेजारच्या बाई पुढे महिनाभर माझ्याशी धड बोलल्या नाहीत.

आणि बोटं सुटत होती. आधी पहिलं, मग मधलं. गेम उघडायला दोनदा भराभर टिचकी मारावी लागते, ते सासूबाईंना जमत नसे, म्हणून आमच्यापैकी कुणीतरी उघडून द्यायचं. एके दिवशी मी शाळेतून आले तर घरात त्या एकट्याच आणि पडद्यावर शेत. "कुणी लावून दिलं?" "कोण लावून देनार? मीच लावलं." मी त्यांचा हात हातात घेतला. या वेळी त्यांनी तो काढून घेतला नाही. मी बोटं एकेक वाकवून बघितली. करंगळी अजून रुसलेली होती, पण बाकीची वळत होती. मला इतका आनंद झाला की मी त्यांना म्हटलं, आई, आता हट्टाने तो चेंडू पण दाबा. त्या म्हणाल्या, "तो काड पलंगाखालनं," आणि मी खरोखर पलंगाखाली शिरले.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. मी ताटं वाढली, आम्ही तिघं बसलो. सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या, माझ्या शेजारी पाट टाकला आणि बसल्या. "मला पण वाढ." मी वाढलं. त्यांनी भातावर आमटी घेतली, कालवली. बोटं जवळ आली. घास उचलला. थोडी शितं सांडली, बाकीचा घास तोंडात गेला. मुलगी म्हणाली, "आजी, तू आमच्यात जेवतेस!" सासूबाई म्हणाल्या, "मग काय तुज्यावानी टीव्हीसमोर बसू?" आणि दुसरा घास उचलला. त्या रोजच आमच्यात बसत असल्यासारख्या जेवल्या. मी मात्र त्या दिवशी काय खाल्लं ते मला आठवत नाही. मी त्यांच्या हाताकडे बघत होते.

जेवण झाल्यावर हात धुताना त्या म्हणाल्या, "भाऊबीज झाली का मला सोडा वर. नाचणी कापायला आली असंल."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. इतके दिवस मी सकाळी उठून त्या मशीनशी झगडत होते, चौकटीला शिव्या घालत होते, दुकानदाराशी भांडत होते, ते त्यांची बोटं सुटावीत म्हणून. बोटं सुटल्यावर त्या कुठे जाणार हे मी एकदाही विचारलं नव्हतं, स्वतःलासुद्धा. मी म्हटलं, करंगळी अजून ताठ आहे. डॉक्टर म्हणाले होते, सवय ठेवा. थंडी पडेल वर. हे मशीन इथेच आहे. त्या म्हणाल्या, "वर खरी पाखरं हायत गो."

भाऊबीज झाली. मी त्यांना महाडच्या स्टँडवर घेऊन गेले. पोलादपूरपर्यंत एस.टी., तिथून पुढे जीपने कुडपण, पुतण्या घ्यायला येणार होता. गाडी लागली, लोक धावले, नेहमीची रेटारेटी. माझ्या एका खांद्याला त्यांची पिशवी आणि मी मागून दोन्ही हात पुढे करून उभी, म्हणजे पायरीवर तोल गेला तर धरता येईल. सासूबाईंनी दारातल्या दांड्याला उजवा हात घातला. पाचही बोटं दांड्याभोवती आवळली, करंगळीसकट. एका झटक्यात त्या वर चढल्या. मागे बघितलं नाही, मदत मागितली नाही, सरळ आत जाऊन खिडकीची जागा धरली आणि तिथून ओरडल्या, "पिशवी दे की! उभी काय राहिलीस?"

मी पिशवी वर दिली. माझे हात अजून तसेच पुढे होते आणि त्यांची आता कुणाला गरज नव्हती.